काटा नसलेली पावली

मित्रांनो, मी पंचवीस पैशांची एक जुनी पावली आहे. माझ्यावर आकडा नाही, म्हणून किंमत आधीच सांगितली. माझ्या एका अंगाला सिंह आहेत आणि दुसऱ्या अंगालाही सिंहच, फक्त ते उलटे आणि आत रुतलेले. तुमच्यासमोर यायला मला लाज वाटते, पण ती या व्यंगाची नाही.

टाकसाळीत माझ्या आधीची पावली ठशालाच चिकटून बसली होती. ती सुटायच्या आत मी तिच्याखाली गेले आणि वरून दाब पडला. जिथे माझा आकडा उमटायचा, तिथे तिच्या अंगावरचे सिंह उमटले. तपासणाऱ्यांची नजर चुकली आणि मी बाकीच्यांबरोबर पोत्यात पडले.

तेव्हा चार आण्यांत पुडीभर खारे शेंगदाणे मिळत. भाईंदरच्या मिठागरांवर मिठाच्या राशी उन्हात अशा चमकत, की डोळे बारीक करून बघावं लागे. तिथेच मी कामाला असलेल्या पंढरीनाथच्या हाती आले. त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला, मला उलटंसुलटं केलं आणि हसला. मग त्याने मला खर्चलंच नाही, कनवटीला लावून ठेवलं. आपल्याला कुणी जपतंय याचा मला फार अभिमान वाटायचा.

वडील गेले आणि पंढरीनाथ व त्याचा धाकटा भाऊ बबन यांच्यात वाटणी निघाली. उत्तनच्या रस्त्याकडेची भातशेती दोघांनाही हवी होती. खाडीकडचा तुकडा कुणालाच नको होता. भावाभावांत भांडण नको, छापाकाटा करू, असं बबननेच सुचवलं. पंढरीनाथने कनवटीतून मला काढलं.

"तूच उडव," तो बबनला म्हणाला. "मी मोठा, मी छापा घेतो."

बबनने मला एकदाही उलटून पाहिलं नाही. तो भावाकडे बघत होता. मी वर गेले, अंगणात पडले आणि छापा दिसला. मी कशीही पडले असते तरी तोच दिसला असता.

पुढे रस्त्याकडेच्या शेतावर पंढरीनाथची इमारत उभी राहिली, खाली गाळे निघाले. बबनच्या वाट्याचा खाडीकडचा तुकडा खारफुटीत गेला. खारफुटीला हात लावायला बंदी, म्हणून तिथे आता वीटसुद्धा ठेवता येत नाही. बबनने एसटीत नोकरी केली. दर दिवाळीला तो भावाकडे फराळाला येई आणि हसत म्हणे, दादाचं नशीब थोर. पंढरीनाथ त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढी. मी तेव्हा कपाटातल्या डब्यात, जुन्या नाण्यांच्या खाली पडलेली असे. मला ते सगळं ऐकू येई.

गेल्या दिवाळीत पंढरीनाथची नात कृतिका हिने तो डबा काढला. तिला नाणी जमवण्याचा नाद आहे. तिने मला भिंगाखाली धरलं, लहानशा तराजूत तोललं, माझी कड तपासली. कुणी दुसरं नाणं माझ्यावर ठेवून, पक्कडीत दाबून हा उलटा ठसा काढला असता, तर माझ्या दुसऱ्या अंगाचे उठावाचे सिंह चेपले असते. ते तर शाबूत होते. ती खूश झाली. तिने मला कागदी पाकिटात घातलं आणि वर लिहिलं : टाकसाळीतली चूक, दुर्मिळ. मग फराळाला आलेल्या बबनलाच तिने कौतुकाने मला दाखवलं. आजोबा हिला पूर्वी कनवटीला लावून ठेवायचे, असंही सांगितलं.

बबनने मला पाकिटातून काढलं. एकदा उलटलं, पुन्हा उलटलं.

"दादा, हिला काटा न्हाय," तो म्हणाला.

 पंढरीनाथने कृतिकाला पेन घ्यायला सांगितलं.

"चूक टाकसाळीची एकटीची न्हाय, बाय. खाली माझं नाव लिही. मला ठावं होतं."

कृतिका आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. तिच्याने लिहवेना. पंढरीनाथ दोन गाळे बबनच्या नावावर करण्याविषयी बोलू लागला, तेव्हा बबनने हाताने त्याला थांबवलं.

"नुसती मागितली असतीस तरी मी शेती दिली असती," तो म्हणाला. "माझा दादा व्हतास तू."

त्याने मला टेबलावर ठेवलं, चपला घातल्या आणि तो गेला. फराळाचं ताट तसंच राहिलं. पंढरीनाथने पेन घेतलं आणि पाकिटावर स्वतःच आपलं नाव लिहिलं.  तेव्हापासून दोनदा तो बबनच्या घरी जाऊन आला आहे. बबन त्याला बसायला सांगतो, पाणी देतो, बोलत मात्र नाही. पंढरीनाथ पुन्हा जाणार आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं वेगळं नाणं सापडलं तर घासूनपुसून बिघडवू नका, जपून ठेवा. पण त्याहून एक गोष्ट जास्त जपा. नाणं उडवण्याआधी ते उलटून न पाहणारा माणूस भोळा नसतो. त्याने नाण्याऐवजी तुम्हाला पारखलेलं असतं, तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो. त्याच्या हातात माझ्यासारखी पावली कधी देऊ नका.