डाव्या खिडकीखालचे रिव्हेट

मित्रांनो, टेबलाखाली पाय लांब केले की ज्याच्यावर अंगठा आपटतो आणि तोंडून "आई गं!" निघते, तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझी एक बाजू मूळची करडी, तर दुसरीला कुठल्याशा परक्या संगणकाचे काळे झाकण आहे. मला सुरू करायचे बटण केव्हाच तुटले. त्या जागी आता दारावरच्या घंटीचे बटण बसवले आहे. ते दाबले की घंटी वाजत नाही, मी जागा होतो. हसू नका. ज्या हातांनी ते बसवले, त्यांनी एके काळी खरी विमाने दुरुस्त केली आहेत.

माझा जन्म एका दुकानाच्या माडीवर झाला. तिथल्या ताईने ओठात स्क्रू धरून माझा एकेक भाग जोडला. पहिली नोकरी मिळाली ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कार्यालयात. दहा मजली इमारत मी पडद्यावर गर्रकन फिरवून दाखवायचो. लोक माझ्यामागे उभे राहून म्हणायचे, "काय पळतोय!" मला वाटे, आपल्यासारखे आपणच. मग एके दिवशी माझ्या निम्म्या आकाराचा आणि दुप्पट चपळ संगणक आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथे मी दोन वर्षे एका मोडक्या खुर्चीशेजारी काढली. ती खुर्चीसुद्धा अधूनमधून कुणीतरी ओढून न्यायचे. मला मात्र कुणी विचारत नव्हते. फार वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू!

त्या कार्यालयातल्या एका मुलीने मला शेवटी घरी नेले, आपल्या वडिलांसाठी. त्यांना सगळे फोरमन म्हणत. एकतीस वर्षे ते विमानतळाच्या कारखान्यात होते. एकोणीस आसनांचे, दोन इंजिनांचे एक छोटे टपालाचे विमान त्यांनी पोटच्या पोरासारखे सांभाळले होते. जमिनीवर उभे करून त्याची इंजिने त्यांनी हजारदा सुरू केली. पण हवेत असताना त्याच्या चालकाच्या जागेवर ते एकदाही बसले नव्हते. तो मान वैमानिकांचा. पुढे ते विमान भंगारात गेले, आणि फोरमनच्या गुडघ्यांनीही संप पुकारला.

फोरमननी माझ्यावर सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान चालवायचा खेळ, बसवला. अशा सिम्युलेटरला वरून आणखी विमाने जोडता येतात, त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात. एके दिवशी शोधता शोधता त्यांना नेमके तेच टपालाचे विमान सापडले! कुणीतरी जुने फोटो बघून ते हुबेहूब बनवले होते. फोरमननी ते जवळून पाहिले. डाव्या खिडकीखाली पत्र्याचे एक ठिगळ होते, आणि त्यावर अकरा रिव्हेटांची, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांची, ओळ. एकदा पक्षी आदळून तिथला पत्रा फाटला होता, आणि ते ठिगळ फोरमननी स्वतः मारले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही त्या वेळी पंख्याचा आवाज जरा हळू ठेवला.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी कॅप्टनसाहेब येऊ लागले. ते विमान त्यांनीच वर्षानुवर्षे उडवले होते. ते उशी घेऊन फोरमनच्या शेजारी बसत आणि शिकवत. ठरले असे, की टपालाचा चाळीस मिनिटांचा पूर्ण मार्ग फोरमननी उडवायचा आणि दोन डोंगरांमधल्या आखूड धावपट्टीवर विमान स्वतःच्या हातांनी उतरवायचे. जमत आले होते. तेवढ्यात कॅप्टनसाहेबांनी सांगितले, "मुलगा न्यायला येतोय. महिनाअखेरीस मी त्याच्याकडे राहायला जाणार." म्हणजे आता तीनच गुरुवार उरले.

आणि नेमकी तेव्हाच त्या विमानाची नवी आवृत्ती आली. कारखान्यातून सुधारणा आली की त्याच दिवशी विमानाला बसवायची, ही फोरमनची जन्माची सवय. त्यांनी जुनी आवृत्ती पुसून नवी बसवली, वर सगळे बारकावे "पूर्ण"वर नेऊन ठेवले. मित्रांनो, माझे कंबरडेच मोडले! विमान हलते दिसायला मी सेकंदाला तीस चित्रे काढायचो. आता कशीबशी पाच निघत. शेपटीमागचे, कुणालाही न दिसणारे रिव्हेटसुद्धा मला काढावे लागत होते. धावपट्टी समोर आली की चित्र गोठायचे, आणि पुन्हा हलायचे तेव्हा विमान डोंगरात घुसलेले असायचे.

फोरमननी दोष माझ्यात शोधला. माझ्या दुरुस्तीची वही काढली, तारीख टाकली. पंखा बदलला. धूळ ब्रशने झाडली. प्रत्येक तार उपसून पुन्हा खोचली. इतकी निगा माझी जन्मात कुणी राखली नव्हती, आणि उपयोग शून्य. ओझे वर पडद्यावरच्या विमानाचे होते आणि फोरमन दोष खाली माझ्या पोटात शोधत होते. मला बोलता येत असते तर! पहिला गुरुवार असाच वाया गेला.

फोरमनच्या पत्नी, आमच्या काकू, दारातूनच म्हणाल्या, "अहो, किती दिवस त्याला कापत बसणार? नवा घ्या की."

"अगं, जरा खोकला म्हणून माणूस बदलतात का?"

शेवटी त्यांनी विमान बनवणाऱ्यांना पत्र धाडले. तक्रार, तपासणी, निष्कर्ष, सगळे कारखान्याच्या शिस्तीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. बनवणारी एकच बाई होती. शाळेत गणित शिकवायची आणि उरल्या वेळात विमाने करायची. तिने लिहिले होते, "काका, तुमचा संगणक म्हातारा आहे, आजारी नाही. तुम्ही त्याच्यावर एकूण एक रिव्हेट चढवलाय. बारकावे कमी केले तरी नवी आवृत्ती त्याला जडच जाईल, आणि जुनी आता मिळत नाही. जुन्या संगणकांसाठी मी हलकं विमान करून देते, पण त्यात रिव्हेट नसतील. चालेल ना?"

फोरमन भडकले. त्यांनी त्या ठिगळाची सगळी हकीकत तिला लिहिली आणि खाली लिहिले, "ती ओळ नसेल तर ते माझे विमान नाही." दुसऱ्या गुरुवारी कॅप्टनसाहेब आले तेव्हाही त्यांचा पारा उतरला नव्हता.

"रिव्हेट काढा म्हणते, साहेब! रिव्हेट काढल्यावर विमानात राहतं काय?"

कॅप्टनसाहेब उशी नीट करत म्हणाले, "अरे फोरमन, इतकी वर्षं उडवलं, पण हवेत असताना रिव्हेट कधी बघितले नाहीत मी. तू मारलेत, एवढं माहीत होतं. तेवढ्यावर निर्धास्त बसायचो."

कॅप्टनसाहेब गेल्यावर फोरमननी तिला दुसरे पत्र लिहिले. त्यात एकच ओळ होती, "काढा, पण विमान उडू दे."

बुधवारी हलके विमान आले. शेवटच्या गुरुवारी घंटीचे बटण दाबले गेले. टपाल भरले, विमान सुटले. मित्रांनो, काय सांगू, अंगावरून धान्याची पोती उतरल्यासारखे वाटले मला! चाळीस मिनिटे मी एकदाही अडखळलो नाही. डोंगर आले. कॅप्टनसाहेब हळूच म्हणत होते, "नाक वर… अजून… आता सोड." चाके टेकली. विमान धावपट्टीच्या टोकाशी थांबले, आणि दोघे म्हातारे जागच्या जागी बसून राहिले.

मग फोरमननी सवयीने विमानाभोवती फेरी मारून पाहिले, पडद्यावरच. सगळा पत्रा गुळगुळीत होता. फक्त डाव्या खिडकीखाली अकरा रिव्हेटांची एक ओळ तेवढी होती. त्या बाईने न सांगता ठेवली होती. फोरमनना हुंदका आवरेना.

वैमानिक उतरला की विमानातला बिघाड वहीत लिहितो आणि खाली सही करतो. एकतीस वर्षे फोरमन रोज ती सही वाचत आले होते. कॅप्टनसाहेबांनी टेबलावरची माझी वही ओढली, काही लिहिले, सही केली आणि उशी तिथेच ठेवून गेले.

म्हणून सांगतो मित्रांनो, एखादे जुने यंत्र किंवा जुने माणूस अडखळू लागले, तर त्याला अडगळीत टाकण्याआधी त्याच्यावर तुम्ही किती ओझे चढवले आहे, ते एकदा बघा. थोडे उतरवा. त्याच्या जिवाभावाचे असेल, तेवढे मात्र राहू द्या.

गुरुवारी उशी अजून खुर्चीवर ठेवली जाते. वहीतले ते पान फोरमननी कापून माझ्या काळ्या झाकणाला आतून चिकटवले आहे. त्यावर लिहिले आहे, "विमान ठीक. संगणक ठीक. फोरमन ठीक. कोणताही दोष नाही."