परसरामची मूठ

लोकेंद्रनं मखमली डबी उघडून चाकू आधी सगळ्या पाहुण्यांना दाखवला आणि मग आईच्या हातात ठेवला. कुंताबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. पिवळीधमक पितळी मूठ, तिच्यावर मोराची नक्षी आणि नातवाचं नाव, तिलक. मुर्री गावातल्या घराच्या अंगणात तिलकच्या हळदीला जमलेल्या बाया वा वा करत होत्या. चाकू कुणाचा, असं कुंताबाईंनी विचारलं.

"आपलाच हाये माय. बाबाचा," लोकेंद्र म्हणाला.

परसरामला जाऊन तीन वर्षं झाली होती. हा घडीचा चाकू जन्मभर त्याच्या बंडीच्या खिशात असायचा. त्यानं मोटारीच्या वायरी सोलल्या, बांबू तासले, पोरांच्या पायातले काटे काढले, पेरू कापून खाल्ले. घासून घासून पातं निमुळतं झालं होतं आणि शिसवी मुठीवर अंगठ्यानं खळगा पाडला होता. परसरामचा धड एक फोटो घरात नव्हता. होता तो एवढा खळगा. कैरी चिरायला बसल्या की कुंताबाई आपला अंगठा त्यात ठेवायच्या आणि कुणाला न सांगता घटकाभर नवऱ्याशी भांडून घ्यायच्या.

लग्नात परसरामच्या हाती हाच चाकू होता. हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरदेवानं हाती लोखंड धरावं ही रीत. लोकांकडे कट्यारी असायच्या. परसरामसाठी मागितलेली कट्यार वेळेवर आलीच नाही, तेव्हा ह्या पठ्ठ्यानं खिशातला चाकू उघडला, टोकाला लिंबू खोचलं आणि मांडवात उभा राहिला. लोक हसले. पुढं लोकेंद्रच्या लग्नातही तोच चाकू निघाला, तेव्हाही हसले. बापाला त्या हसण्याची मजा वाटे, मुलाला मात्र ते जिव्हारी लागलं. आता त्याचं गोंदियात हार्डवेअरचं दुकान, व्याहीही तालेवार. धार लावून आणतो म्हणून त्यानं चाकू नेला होता.

"जुनी मूठ कोठी हाये?" कुंताबाईंनी विचारलं.

"सडली होती माय. कारागिरानं काढून फेकली."

कुंताबाईंचं डोकं फिरलं. ह्या मुलानं बापाची खाट मोडीत काढली, रेडिओ काढला, तेव्हा त्या गप्प बसल्या. नव्याची हौस आहे, करू द्या, म्हणाल्या. गप्प बसण्याचं हेच फळ मिळतं. आणि भल्यासाठीच केलं म्हणणाऱ्या माणसाचा राग तर दुप्पट येतो, कारण त्याला धड शिवीही देता येत नाही.

"तुले बापाची लाज वाटत होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी ढोलकीवाला वाजवायचा थांबला. "थे लपवासाठी पितळ चढवून आणला."

लोकेंद्रनं सांगून पाहिलं की पातं तर तेच आहे, आणि केलं ते तुझ्याच नातवासाठी. नणंद सुशिलाबाई मध्ये पडल्या; शुभकार्यात असं बोलू नये म्हणाल्या.

"पातं बाजारात भेटते. त्याचा हात त्या लाकडात होता. थो तू कचऱ्यात टाकून आला. मले एक शब्द विचारला काय?"

पाटावर हळद माखलेला तिलक हात पुढे करून बसला होता. त्याचा काय दोष? कुंताबाईंनी लिंबू टोकाला खोचलं, चाकू नातवाच्या हातात दिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लोकेंद्रकडे त्यांनी पाहिलंही नाही.

लोकेंद्रनं मोटारसायकल काढली आणि भर उन्हात गोंदिया गाठलं. परतला तेव्हा पंगती उठल्या होत्या. शर्ट घामानं भिजलेला, बोटं काळी. मूठ काढली त्याच दिवशी लाकूड कारागिराच्या भट्टीत गेलं होतं. ह्यानं जाऊन तिची राख हातांनी चाळली होती. आईपुढे मान खाली घालून त्यानं हे सगळं सांगितलं.

कुंताबाईंनी ऐकून घेतलं. त्याच्या बोटांकडे पाहिलं.

"जेवून घे," त्या म्हणाल्या. "भात थंडा होऊन राहिला."

घरात सून आली, नातवंडं झाली, तरी लोकेंद्रचं ताट आजवर आईच वाढत आली होती. दुकानातून कितीही उशिरा येवो, ती उठायची. तो हात धुऊन ओट्यावर बसला आणि वाट पाहू लागला. बऱ्याच वेळानं बायकोनं ताट आणून ठेवलं. कुंताबाई समोरच, मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या.