फाटकापर्यंतचे बारा चौकोन

साहेबांच्या टेबलावरची पेन्सिल बाईंनी न विचारताच उचलली आणि आलेखाच्या पहिल्या चौकोनात टिंब दिलं.

बाईंनी अठरा वर्षं बस चालवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि आता घरी बसायची पाळी. शाळेसमोरून ताशी त्रेसष्ट किलोमीटरच्या वेगाने बस नेल्याची तक्रार होती. बसमधल्या यंत्राने काढलेल्या आलेखावर त्रेसष्टचं टोक सरळ दिसत होतं.

"टोक दुसऱ्या मिनिटाला आहे," चौकशीचे साहेब म्हणाले. "आलेख सुरू होतो त्या थांब्यापासून शाळा दोन मिनिटांवर. आणखी काय बघायचं?"

"मिनिटांवर नाही साहेब, सहाशे मीटरवर. तुमच्याच मार्गपत्रकात आहे."

गणित शिकवणाऱ्या नणंदेने काल ओट्यावर कागद पसरून समजावलं होतं, "वहिनी, रेघेची उंची म्हणजे वेग. रेघेखालची जागा म्हणजे कापलेलं अंतर." तीनदा चुकून चौथ्यांदा बाईंना जमलं होतं.

"चौकोन आडवा दहा सेकंदांचा, उभा ताशी अठरा किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला पाच मीटरचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे एका चौकोनात पन्नास मीटर. बारा भरले की शाळेचं फाटक."

अर्ध्याला अर्धा जोडत त्या मोजत गेल्या. दीड मिनिटाच्या खुणेवर पेन्सिल थांबली.

"बारा. इथे वेग किती, तुम्हीच वाचा."

साहेबांनी चष्मा सारखा केला. "सत्तावीस."

मर्यादा तीसची होती.

"आणि थांब्यावरून निघतानाचा चढ सोडला तर इथवर रेघ सपाट आहे. सपाट म्हणजे वेग वाढवलेलाच नाही. पुढचा चढ फाटकानंतर सुरू होतो. टोक आलं तेव्हा बस पावणेचारशे मीटर पुढे, मोकळ्या रस्त्यावर. तिथे ऐंशी चालतं."

साहेबांनी स्वतः मोजलं. मग पुन्हा, बोट टेकवून. मग तक्रारीवर 'तथ्य नाही' लिहून सही ठोकली.

"उद्यापासून कामावर या."

"उद्या कशाला? दुपारची फेरी माझीच आहे."

बाई दाराशी पोचल्या, तोच मागे कपाट करकरलं. साहेबांनी जुनी फाईल काढली होती. आत तसाच एक आलेख, आणि वर गेल्या महिन्यात घरी बसवलेल्या चालकाचं नाव.

"बाई, जरा हेही मोजता?"

बाई परत आल्या. पेन्सिल मात्र त्यांनी टेबलावरच राहू दिली.

"त्यांना बोलावून घ्या," त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. "मी शिकवते. मोजू देत त्यांचं त्यांनाच."