कपाटाला नावं ठेवणारं कुणी

सुतारांच्या त्या घरात पणजोबांपासून एक रीत होती. घरातल्या दुसऱ्या सुताराने नावं ठेवल्याशिवाय माल दुकानाबाहेर पडायचा नाही. आजोबांनी वडिलांच्या पहिल्या कपाटाला "हे काय, कोंबड्यांचं खुराडं?" म्हटलं होतं, आणि वडील ते जन्मभर कौतुकाने सांगत.

आता दुकानात सुतार एकटाच उरला होता. त्याच्याच हाताखाली शिकलेला लेक परगावी ऑफिसात चिकटला होता. नवं कपाट झालं तेव्हा सुताराला खोडी सुचली. त्याने दाराची मूठ मुद्दाम बिजागरीच्याच बाजूला बसवली आणि लेकाला व्हिडिओ कॉल लावला. पोरगा आता कसा फाडून खातो, या विचारानेच त्याला हसू आवरेना.

"बघ रे, जमलंय का?"

"एक नंबर, बाबा! ठेवू? मीटिंग आहे."

"अरे गाढवा, नीट बघ की!"

"बघितलं ना! झकास!"

फोन बंद झाला. सुताराने मूठ काढली, भोकं बुजवली आणि ती योग्य बाजूला बसवली. दुपारी गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं.

"झालं का, मिस्त्री?"

"नाही हो. अजून कुणी बघितलं नाही," सुतार म्हणाला, आणि टेम्पो रिकामाच परत गेला.