शून्याची चूक

व्हर्निअरचे जबडे पूर्ण मिटले तरी त्याची शून्याची रेघ मोजपट्टीच्या शून्यावर येत नसे. ती दोन दशांश मिलीमीटर पुढेच थांबे. वनमालाबाईंना हे कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बारीक जाडी मोजायचं हेच व्हर्निअर मुलांच्या हातात दिलं होतं आणि प्रत्येक तुकडीला तेच सांगितलं होतं: हे थोडं खोटं बोलतं, पण रोज सारखंच बोलतं, तेवढं वजा करा. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर ते गमतीने त्यांनाच देऊन टाकलं.

रविवारी सकाळी रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या घराच्या ओसरीवर त्यांचे पती श्यामराव यांच्या डाव्या घोट्यावरची काळसर गाठ त्या मोजत होत्या. जबडे स्पिरिटने पुसलेले, त्वचेला जेमतेम टेकवलेले.

"किती?" श्यामरावांनी विचारलं.

"नऊ पूर्णांक दोन."

"मागच्या रविवारी?"

"आठ पूर्णांक एक."

श्यामरावांनी पायाकडे बघितलं. "मी बसलो घरी, न् हे चालून राहिली."

"हालू नोका. वरची राहिली अजून."

श्यामराव बांधकाम खात्यात सर्व्हेअर होते. नवी राजधानी ठरली तेव्हा अभनपुरकडच्या शिवारांतून रस्त्यांच्या रेघा टाकायला जी माणसं फिरली, त्यांतले एक. आठ वर्षं ते धानाच्या बांधांवरून चालले. म्हणून निवृत्तीनंतर दोन वर्षांनी डाव्या तळपायावर काळा ठिपका दिसला, तेव्हा ते बेफिकिरीने म्हणाले होते, "बाभळीचा काटा हाय. जुना. आतमंदी मोडला असन." काटा वर यावा म्हणून चार महिने त्यांनी त्याच्यावर रुईचा चीक लावला. तोही पुरला नाही तेव्हा वनमालाबाईंनी चष्मा लावून, सुई आचेवर धरून, तो काटा काढायचा प्रयत्न केला होता. काटा नव्हताच. ठिपक्याची कड वेडीवाकडी होती, रंग दोन होते, आणि विज्ञान शिकलेल्या बाईने ते दोन्ही पाहून सुई आणखी खोल घातली होती.

तो त्वचेचा कर्करोग होता, मेलॅनोमा. निदान होईपर्यंत तो वर घोट्यापर्यंत, जांघेतल्या गाठींपर्यंत आणि पुढे फुप्फुसापर्यंत गेला होता. सुईने काही बिघडलं नाही, उशिराने बिघडलं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वनमालाबाईंनी ते ऐकून घेतलं. ती सुई मात्र त्यांनी पुन्हा कशाला वापरली नाही.

मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून नवं औषध सुरू झालं. पाचव्या सलाईननंतरच्या रविवारी बारा मिलीमीटरची गाठ अकरा भरली. वनमालाबाईंनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा अकराच आलं. त्या दिवशी त्यांनी कॉलेजातल्यासारखं वहीत तारखेखाली रेघ मारली, उठून देवापुढे दिवा लावला, आणि चहात साखर घालायला विसरल्या. श्यामरावांनी तो चहा तसाच पिऊन टाकला. पुढे गाठ सहावर आली, फुप्फुसातले डाग पुसट झाले. श्यामराव बूढा तलावाला सबंध फेरी मारून येऊ लागले. हैदराबादला असलेल्या त्यांच्या लेकीला, पूर्णिमाला, मुलगी झाली, तिला त्यांनी मांडीवर घेतलं. शेजारच्या कांताबाई दर सलाईनच्या दिवशी न विचारता डबा पाठवत, आणि डबा परत नेताना एवढंच म्हणत, "भाजीत मीठ कमी होतं का, वहिनी?" मीठ कधीच कमी नसे. चौदा महिन्यांत वीस सलाईनं झाली. यातला एक दिवसही आपल्या हक्काचा नव्हता, असं वनमालाबाईंना वाटे.

आणि आता गेले दोन महिने आकडे पुन्हा वर चढत होते.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, मुंबईला जायचं. तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती; निदान सहा महिने खोली घेऊन राहावं लागेल, आणि दहांत एखाद्याला गुण येतो. दुसरी, हे सगळं थांबवायचं. घरी राहायचं, दुखण्यावर औषध चालू ठेवायचं, नर्स घरी येऊन बघून जाईल. डॉक्टर दर खेपेला विचारत आणि दर खेपेला वनमालाबाई म्हणत, "पुढच्या वेळी सांगतो." असं चार वेळा झालं. मुंबईला नाव पाठवायची उद्या शेवटची तारीख होती.

दुपारी पूर्णिमाचा फोन आला. ती मराठी ऐके आणि उत्तर हिंदीत देई.

"आई, बाबा ने हाँ बोला ना?"

"हव म्हणाले."

"तो हो गया ना. टिकट देखूँ मैं?"

"थांब थोडं. डॉक्टरांशी बोलून सांगतो तुले."

"आई, हव मतलब हाँ ही होता है."

वनमालाबाईंनी फोन ठेवला. हव म्हणाले होते, हे खरंच होतं. त्यांच्या माहेरी, वर्ध्याला, माणूस 'हौ' म्हणाला की उठून कामाला लागे. श्यामरावांचा जन्मच रायपूरचा, त्यांच्या तोंडी इथला हव. छत्तीस वर्षांत ते वनमालाबाईंना कधी नाही म्हणाले नव्हते. याचं मैत्रिणींना कौतुक होतं, आणि वनमालाबाईंनाही.

सोमवारी दवाखान्यात रक्त काढायला नर्स पद्मिनी दीदी होती. वीसच्या वीस वेळा हिने पहिल्याच टोचण्यात शीर धरली होती. वनमालाबाईंनी आयुष्यात चांगले हात पुष्कळ पाहिले होते, पण असे थोडेच.

"बाबूजी, दर्द है?" पद्मिनीने विचारलं.

"हव."

"ज़्यादा नहीं है ना?"

"हव."

पद्मिनी हसली. "देखो आंटी. दर्द है तो भी हव, नहीं है तो भी हव. पिछली बार पूछा, बाबूजी, चाय लाऊँ? हव. ले आई, तो पी ही नहीं."

"मग हव काहून म्हटलं तुम्ही?" वनमालाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तिनं इतक्या मायेनं विचारलं," श्यामराव म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

"अरे, हमारे यहाँ सबका यही है," पद्मिनी कापूस दाबत म्हणाली. "हव बोले तो हाँ भी है, और कभी-कभी बस इतना, कि सुन लिया."

ती पुढच्या पेशंटकडे गेली. वनमालाबाई श्यामरावांच्या कोपरातला कापूस धरून उभ्या राहिल्या. त्यांना आपण श्यामरावांना विचारलेले प्रश्न आठवले. जाऊ ना आपण मुंबईले? करून पाहू ना? पूर्णिमालेही तसंच वाटते ना? राहू ना सहा महिने, कसंही? चारही प्रश्नांच्या शेवटी ना होता. चारही वेळा शून्याची रेघ एकाच बाजूला सरकवून ठेवलेली होती, आणि त्यांनी तेवढं वजा केलं नव्हतं. मापाची शून्याची चूक त्यांनी सत्तावीस वर्षं मुलांना शिकवली होती. विचारणाऱ्याचीही असते, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

रक्त थांबलं होतं, तरी त्या कापूस धरूनच राहिल्या.

डॉक्टर तरुण होते, आणि त्यांना घाई असली तरी ती दिसू न देण्याइतके चांगले होते. त्यांनी मुंबईचा कागद समोर ओढला.

"काका, तो फिर मुंबई चलना है ना?"

"हव," श्यामराव म्हणाले.

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि नाव लिहायला घेतलं.

"एक मिनट, डॉक्टर साहब," वनमालाबाई म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. वनमालाबाईंनी खुर्ची थोडी वळवली, श्यामरावांचं तोंड नीट दिसेल अशी.

"आतापर्यंत मी चुकीचं विचारून राहिली होती. आता बरोबर विचारतो. जायचं, का राहायचं? दोन्हीतलं एक सांगा. हव नाही चालत."

श्यामराव हसले. नंतर त्यांचं हसू गेलं. त्यांनी डाव्या पायाकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"तुले काय पाहिजे?"

"ते मी नाही सांगत. माझं सांगून झालं चार वेळा."

"तुले वाईट वाटन."

"वाटन. वाटू द्या."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला, आणि पुन्हा पुकारला गेला.

"तो काटा काढला ना तू," श्यामराव सावकाश म्हणाले, "तवापासून तू सोतालेच टोचून राहिली. मले दिसते. मले वाटलं, मुंबईले गेलो तं तुह्यं टोचणं थांबन. म्हणून म्हटलं हव." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "पण मले विचारशीन तं, मले चौदा महिने भेटले. तलावाच्या फेऱ्या भेटल्या. पोट्टीची पोट्टी मांडीवर भेटली. दर रविवारी तू पायापाशी बसून माप घेत होती, तेही मले आवडे. कोणाच्या पायाचं इतकं बारीक माप कोणी घेतलं असन, सांग बरं?"

 वनमालाबाईंनी हात पुढे केला आणि श्यामरावांच्या गुडघ्यावर ठेवला. सर्व्हेअरचा गुडघा, हाडाचा, अजून टणक.

"मंग?" त्यांनी विचारलं. "जायचं, का राहायचं?"

"राहायचं," श्यामराव म्हणाले. "घरी."