वरच्या खोलीतली पाहुणी

शिवणवाली आमच्या दारात आली तेव्हा तिचा डावा कान फाटलेला होता. नवऱ्यानं कानातलं ओढून काढलं होतं, पाळीसकट. मी रविवारच्या बाप्तिस्म्याचे पांढरे झगे इस्त्री करत होते. हातातला झगा तसाच तिच्या कानावर दाबला. डाग पडला तो पडलाच.

आम्ही दोघं म्हातारपणी मिशनच्या कामाला परदेशात आलो. आमचे हे बस डेपोच्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, पोरं मार्गी लागली, आणि चर्चच्या मंडळीनं विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत यांनी माळ्यावरून बॅग काढली. आता इथे उपदेश पाळकांचा आणि उस्तवार आमची. नळ, बाकं, छताची गळती हे बघायचे. स्वयंपाक, इस्त्री आणि आजाऱ्यांच्या घरी भेटी माझ्याकडे. चर्चमागे आमच्या दोन खोल्या, आणि वर एक खोली, शिवणवर्गाची. शिवणवाली तिथेच बायकांना शिकवायची. तिला तिथेच लपवलं.

तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान जवळच होतं. घर सोडलंस तर पाय मोडीन, असं त्यानं बजावलं होतं, आणि तो बोलला की करायचा. एकदा त्यानं तिचा अंगठा फटीत धरून दार लावलं होतं. आम्ही दुसऱ्या शहरातल्या बायकांच्या आश्रयघराला फोन केला. मंगळवारी जागा होईल, म्हणाले. तोवर तिचा पत्ता कुणाला लागू द्यायचा नाही, एवढंच करायचं होतं.

पण आमच्या मंडळीची एक रीत आहे. उपासना संपताना ज्याला त्रास असेल त्यानं उभं राहून मोठ्यानं सांगायचं, मग सगळे त्यासाठी प्रार्थना करतात. कुणाचा गुडघा, कुणाचा दारुडा जावई. यांना तर मंडळीपुढे मांडल्याशिवाय गोष्ट देवापर्यंत पोचली असं वाटतच नाही. त्या रविवारी हे उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वरच्या खोलीत आपली एक जखमी बहीण आहे. मंगळवारी ती आश्रयघरात पोचेपर्यंत प्रभूनं तिला सांभाळावं." शहराचं नावसुद्धा सांगितलं! मी यांचा शर्ट ओढत होते, यांना वाटलं मी भारावले.

आमच्या मागेच टायरवाल्याची मावशी बसली होती. बाई वाईट नाही, पण तोंडात तीळ भिजत नाही.

घरी आल्यावर मी तोफ डागली. "अहो, उचलली जीभ लावली टाळ्याला! साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय खोटं?"

"अगं, मी तिचं नाव घेतलं का? आणि देवाच्या घरात बोललो."

"देवाच्या घरात माणसंच बसतात ना?"

मग यांचा चेहरा उतरला. तिला लगेच हलवायला पाळकांकडे गाडी मागितली, ते म्हणाले उद्या सकाळी पाठवतो.

सकाळी गाडीच्या आधी टायरवाला आला. हातात चाक खोलायचा लांब पाना. दाराची काच पहिल्याच घावात खाली आली, दुसऱ्यात कडी. हे जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले, बनियनवर, दोन्ही हात दोन्हीकडच्या कठड्यांना धरून.

"बाजूला हो, म्हाताऱ्या."

"बस बाळा, आधी बोलू."

त्यानं पाना यांच्या हातावर हाणला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. हात कोपराखाली लोंबकळला तरी दुसरा कठड्यावरच होता. पुढचा घाव बरगड्यांवर. हे खाली बसले, पण बाजूला झाले नाहीत. तो यांना ओलांडून वर चढायला लागला, तसे यांनी एका हातानं त्याची तंगडी मिठीत घेतली आणि पोटरीत दात रोवले. दात म्हणजे कवळी! ती त्याच्या पँटला अडकून राहिली. त्यानं यांच्या बोळक्या तोंडावर लाथ घातली. रक्ताची चूळ भिंतीवर उडाली.

माझी इस्त्री तापलेली होती. मी ती उचलली आणि त्याच्या मांडीवर मागून दाबली, सगळा भार देऊन. आधी कापड जळलं, मग कातडी. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा मला आणखी दाबावंसं वाटत होतं. तो गुरासारखा ओरडला, वळला आणि माझ्या जबड्यावर असा ठोसा मारला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तेवढ्यात वरून शिवणाचं मशीन आलं. जुनं, लोखंडी, उचलायला दोघी लागायच्या. तिनं एकटीनं उचलून टाकलं. ते त्याच्या खांद्यावर बसलं आणि तो मशीनसकट माझ्या पायाशी कोसळला.

शिवणवाली खाली आली, एकेक पायरी उतरत. पाना तिनं उचलला.

"नको, पोरी," हे फरशीवरून बोबड्या आवाजात म्हणाले.

मी बाजूला झाले. तिनं त्याच्या गुडघ्यावर एकदाच घाव घातला. हाड फुटलेलं मला ऐकू आलं. मग तिनं पाना टाकला आणि माझ्या तोंडातलं रक्त आपल्या ओढणीनं पुसलं.

पोलिसांनी टायरवाल्याला नेलं, पण जामिनावर सुटेल असं तेच म्हणाले. आश्रयघर तर बादच झालं होतं, ते कुठल्या शहरात हे अख्ख्या मंडळीला ठाऊक. मला टाके घालणाऱ्या नर्सनं दुसरी जागा शोधली. ती तिला माहीत, मला माहीत आणि शिवणवालीला.

निघण्याआधी शिवणवाली यांच्या खाटेपाशी आली. यांचा हात प्लॅस्टरमध्ये, छातीला पट्टे, तोंड सुजून भोपळा. यांनी तिचा हात धरला.

"माझ्यामुळे झालं, पोरी."

"तुमच्यामुळे मी जिवंत आहे, बाबा."

"कुठे चाललीस?"

तिनं वाकून यांच्या प्लॅस्टरवर कपाळ टेकलं. माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

मी यांना चमच्यानं पेज भरवायला बसले. दोन घास गेले.

"कुठे पाठवलंस गं तिला?" यांनी विचारलं. "नुसतं मला सांग. मनातल्या मनात प्रार्थना करीन."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात यांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही असं कधी झालं नव्हतं. यांनी त्या पोरीसाठी हाडं मोडून घेतली होती. मी चमचा पुन्हा भरला.

"आ करा," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लहान मुलासारखा आ केला, आणि पुन्हा विचारलं नाही.