निकिताच्या नावाची पाटी

मारोतराव आसुटकरांनी एकदा घट्ट केलेली वस्तू पुन्हा सुटत नसे, हे त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकतीस वर्षं वणीकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी डंपर दुरुस्त केले. डंपरच्या चाकाचा नट आवळायला माणूस पान्यावर उभा राहतो. तोच हात घरी येऊन नळाच्या तोटीला लागला की तोटीचं जे व्हायचं ते होई. रुखमाबाईंनी लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी लोणच्याच्या बरणीचं झाकण नवऱ्याला लावू देणं बंद केलं होतं. "तुमी हात नोका लावू" हे वाक्य त्या घरात दिवसातून चार वेळा तरी ऐकू येई. मारोतरावांना त्याचा राग नव्हता. उलट थोडा अभिमानच होता म्हणा ना.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. ती अंगणात कडुनिंबाखाली उभी असे आणि महिन्यातून दोनदा वणीच्या बाजाराला, नाहीतर कुणाच्या लग्नाला निघे. तिचं ऑइल आणि फिल्टर ते दर दिवाळीनंतर घरीच बदलत. गॅरेजमधल्या पोरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

यंदा त्या गाडीवर त्यांच्या मुलीचा डोळा होता. निकिताला चंद्रपूरच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. काम सुटणार संध्याकाळी आठला. त्यानंतर एसटी मिळाली तर मिळाली. निकिताचं म्हणणं सरळ होतं: रोज गाडीने जाईन, गाडीने येईन. लायसन्स काढून दीड वर्ष झालं होतं आणि हात साफ होता, हे मारोतरावांनीही मनातल्या मनात मान्य केलं होतं.

पण रस्ता! वणीहून घुग्गुसवरून चंद्रपूरला जाणारा तो रस्ता म्हणजे कोळशाच्या ट्रकांची रांग. लोक ट्रक पुढून बघतात, मारोतरावांनी जन्मभर अवजड गाड्या खालून बघितल्या होत्या. झिजलेले ब्रेक, तारेने बांधलेले पाइप, तीन दिवस न झोपलेले ड्रायव्हर, सगळं त्यांना माहीत होतं. आणि त्या रांगेत आपली पोरगी, एवढ्याशा गाडीत!  पण भीती वाटते असं म्हणण्याची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. मग त्यांनी शर्त घातली.

"गाडी चालवनं म्हनजे निस्तं स्टेरिंग फिरवनं नाई," ते म्हणाले. "येत्या रविवारी ऑइल अन् फिल्टर तू सोता बदलून दाखव. माहा हात लागला नाई पाह्यजे. जमलं तं चावी तुही. नाई जमलं तं वणीतल्याच एखाद्या लॅबमंधी लाग."

त्यांना वाटलं, पोरगी तोंड वाकडं करील, दोन दिवस रुसेल आणि विषय मिटेल. निकिता म्हणाली, "हाव. चालते."

शनिवारी दुपारी तिने बापाचे लोखंडी घोडे काढले, गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून त्यावर टेकवला आणि घोडे हलवून बघितले. मग एका पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं: 'काम चालू आहे. निकिता.' सुतळी ओवून तो पुठ्ठा स्टेरिंगला अडकवला.

मारोतराव बघत राहिले. ही त्यांच्या वर्कशॉपची रीत होती. ज्याने काम हातात घेतलं त्याच्या नावाची पत्र्याची पाटी स्टेरिंगला लटकायची, आणि ती असेपर्यंत साहेब असो की हाताखालचा खलाशी, त्या मशीनला दुसऱ्याने बोट लावायचं नाही. पाटी काढायची तीही ज्याने लावली त्यानेच. एकदा मारोतराव डंपरखाली असताना एक नवा ड्रायव्हर घाईघाईने वर चढला, किल्लीला हात घातला आणि पाटी बघून थांबला. तो थांबला नसता तर रुखमाबाईंचं कुंकू त्याच दिवशी पुसलं गेलं असतं आणि निकिता जन्मलीच नसती. ही गोष्ट त्यांनी घरी शंभरदा तरी सांगितली असेल. पोरीने ती ऐकली होती, एवढंच नव्हे तर धरून ठेवली होती.

नवा फिल्टर आणि ऑइलचा डबा आणायला मायलेकी ऑटोने वणीला गेल्या. घरात मारोतराव एकटे उरले. त्यांनी चहा केला, प्याले. अंगणात दोन चकरा मारल्या. आणि मग, नुसतं बघून यावं म्हणून, ते गाडीखाली शिरले.

आता खरं सांगायचं तर नुसतं बघायला जाणारा माणूस चेन पाना बरोबर नेत नाही. चेन पाना म्हणजे सायकलच्या साखळीसारखी साखळी लावलेला दांडा. ती साखळी फिल्टरभोवती गुंडाळायची आणि दांडा ओढायचा. त्याने फिल्टर सुटतो. आवळताही येतो. मारोतरावांनी आवळला. पाव आटा फिरवला, थांबले, आणखी पाव फिरवला. मग बाहेर येऊन त्यांनी पाना घरात तुरीच्या पोत्यांमागे सारला आणि हात धुतले. स्टेरिंगला लटकलेल्या पुठ्ठ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

रविवारी सकाळी निकिताने भावाचा जुना शर्ट चढवला. भाऊ पुण्याला नोकरीला होता, त्याच्या शर्टाला विचारणारं कुणी नव्हतं. तिने इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, म्हणजे ऑइल जरा कोमट होऊन नीट वाहतं. मग गोणपाटावर आडवी होऊन ती खाली सरकली. मारोतराव जवळच बाजेवर बसले. हात मांडीखाली दाबून बसले होते. हातांचा काही भरवसा नव्हता.

इंजिनच्या तळाचा नट तिने रिंग पान्याने एका झटक्यात सैल केला, घमेलं बरोबर खाली सरकवलं आणि शेवटचे आटे बोटांनी फिरवून नट चटकन बाजूला घेतला. काळं ऑइल धारेने घमेल्यात उतरलं. एक थेंब तिच्या अंगावर उडाला नाही. स्वतःच्या पहिल्या वेळी मारोतरावांनी बनियनसकट ऑइलची अंघोळ केली होती, ते त्यांना आठवलं आणि बरं वाटलं. मग पुढचं काम आठवलं आणि बरं वाटणं तिथेच संपलं.

निकिताने फिल्टरला हात घातला. काही वेळ नुसती धुसफूस ऐकू आली. मग ती म्हणाली, "आई, एक कोरडं फडकं दे वं."

फडक्याने झालं नाही. पॉलिश पेपर गुंडाळून बघितला. जुना कमरेचा पट्टा आवळून ओढला, तर पट्टाच तुटला. अर्धा तास गेला. बोटं लाल झाली. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या रुखमाबाई कासावीस झाल्या.

"अवो, तुमी जरा हात लावा नं!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

"शर्त हाये नं," मारोतराव पुटपुटले.

"बाबा, चेन पाना कोठी हाये?" खालून आवाज आला.

"थो... वर्कशॉपमंधीच राह्यला वाटते. नाई तं कोनं नेला असन."

 मग पुन्हा धुसफूस सुरू झाली. पोरगी हरायला तयार नव्हती आणि मारोतरावांना ते बघवेना. जे व्हावं म्हणून त्यांनी केलं होतं तेच तर होत होतं. मग आनंद का होत नव्हता? गाडीखालून तिचे दोन पाय तेवढे दिसत होते. दर ओढीला टाचा मातीत रुतत होत्या. त्या नव्या ड्रायव्हरचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पोरगं अडाणी होतं, घाईत होतं, पण पाटी दिसली तर थांबलं. आणि आपण? आपण तर ती रीत दुसऱ्यांना शिकवत आलो.

मारोतराव उठले. घरात गेले, तुरीची दोन पोती सरकवली आणि पाना घेऊन आले. गाडीजवळ उकिडवे बसून त्यांनी तो पोरीच्या हाताशी ठेवला.

"घे."

निकिता सरकत बाहेर आली. गालाला काळा पट्टा लागला होता. तिने पान्याकडे बघितलं, मग बापाकडे. 

"काल तुमी बजारात गेलत्या," मारोतराव मातीकडे बघत म्हणाले, "तवा मी आवळला थो. अन् पाना लपवला."

ओट्यावर रुखमाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"मले मालूम हाये," निकिता म्हणाली.

"तुले? कसं काय?"

"फिल्टरवर सालभराची धूळ बसून हाये. साखळीचे घासे पडले हायेत, त्याहिवर धूळ नाई. खाली गेल्या गेल्याच दिसले मले."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी सांगान म्हनून वाट पाहून राह्यली होती." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मारोतरावांना सोपं गेलं असतं. "पाटी लावली होती नं, बाबा."

"हाव," ते म्हणाले. "लावली होती."

 त्यांना लाज वाटत होती. एकतीस वर्षांत साहेबांनी भर वर्कशॉपमध्ये झापलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती. आणि लाजेच्या मागोमाग, न विचारता, खरी गोष्टही तोंडातून बाहेर पडली.

"मले भेव लागते त्या रस्त्याचं. तू त्या ट्रकाईत..." 

निकिताने शर्टाच्या बाहीला हात पुसले. "मलेबी लागते," ती म्हणाली. "लय लागते. रोज झोपाच्या आंधी लागते."

मारोतरावांनी मान वर केली. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते समजत होते की पोरीला काही कळत नाही म्हणून ती एवढी धीट आहे.

"मंग कायले जातं?"

"नोकरी तठी हाये म्हनून," ती म्हणाली आणि पाना उचलून पुन्हा गाडीखाली सरकली.

साखळी बसली. दांडा ओढताना तिने एक मोठा हुंकार दिला, कच्चकन आवाज झाला आणि फिल्टर सुटला. मारोतराव बाजेवर परतले नाहीत. तिथेच मातीत बसून राहिले. जुन्या फिल्टरची रबरी चकती इंजिनला चिकटून तर राहिली नाही ना, हे तिने बोट फिरवून बघितलं. नव्या फिल्टरच्या रबराला ताज्या ऑइलचं बोट लावलं आणि तो हाताने फिरवत चढवला. रबर टेकल्यावर पाऊण आटा दिला आणि हात काढून घेतला.

"अजून थोडा..." मारोतरावांच्या तोंडातून निघून गेलं.

"नाई," खालून उत्तर आलं. "याच्यावर लिवून हाये. पाऊन."

तळाच्या नटाला नवा वायसर घालून तिने तो बसवला, ऑइल भरलं, गाडी घोड्यांवरून खाली उतरवली, इंजिन चालवून बघितलं, बंद केलं, दहा मिनिटं थांबून काडी ओढून पातळी तपासली. घमेल्यातलं जळकं ऑइल रुखमाबाईंनी एका जुन्या डब्यात भरून मागितलं. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागली होती. सगळं आटोपल्यावर निकिताने स्टेरिंगची सुतळी सोडली.

मारोतरावांनी खिशातून चावी काढली. "शर्त तं मीच मोडली. हे घे."

तिने चावी घेतली. थँक यू वगैरे काही म्हणाली नाही. आत जाऊन साबणाने हात धुतले आणि ताट वाढून घेतलं. दुपारभर बापलेकीत कामापुरतंच बोलणं झालं. एका दिवसात निवळण्यासारखं ते नव्हतंच, आणि मारोतरावांनी तशी अपेक्षाही ठेवली नाही.

सोमवारी सातला ती निघाली. रुखमाबाईंनी हातावर दही ठेवलं. मारोतराव फाटकाशी उभे राहिले. हळू जा, अंतर ठेव, पोचल्यावर फोन कर, असं बरंच काही जिभेवर येऊन थांबलं. निकिताने काच खाली केली.

"पोचल्यावर फोन करतो, बाबा," तीच म्हणाली. गाडी वळून डांबरी रस्त्याला लागली.

फाटक लावून मारोतराव कडुनिंबाखाली आले आणि गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथे उकिडवे बसले. तळहात जमिनीवर टेकवून फिरवला. तो उलटा करून उजेडात बघितला. पुन्हा फिरवला.

"काय शोधून राह्यले?" रुखमाबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"थेंब."

"सापडला?"

ऑइलचा एक थेंब जरी सापडला असता तर आता फोन करता आला असता. परत ये म्हणता आलं असतं, कारणही पक्कं मिळालं असतं. आपण थेंब नसावा म्हणून शोधतोय की असावा म्हणून, हे त्या क्षणी त्यांना लख्ख कळलं, आणि तरी त्यांनी तिसऱ्यांदा हात फिरवून बघितला. हाताला नुसती कोरडी माती लागली.

"नाई," ते म्हणाले. "काम पक्कं केलं पोरीनं."